मान कातायची अवजारं: ४० पुंगळ्यांची नोंदवही

४ जानेवारी

रायफलला नवी बॅरल बसवून आली. ६ मिमी पीपीसी या काडतुसाची. मागच्या टोकाजवळ बारीक आकड्यांत कोरलंय: नेक ०.२६२, म्हणजे चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) मानेच्या जागेचा व्यास, इंचांत. हा आकडा नसता तर ही वही उघडलीच नसती.

गणित शाळकरी आहे. गोळीचा व्यास ०.२४३ इंच. तिच्या दोन्ही बाजूंना पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) मानेची, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाची, भिंत. हे सगळं ०.२६२ च्या भोकात नुसतं मावून भागत नाही. बार उडाला की मानेला फुलून गोळी सोडायला जागा लागते. एकूण फट २ थाऊ धरली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर भरलेल्या काडतुसाची मान ०.२६० हवी. त्यातून गोळी वजा केली की उरले १७ थाऊ, त्याचे निम्मे साडेआठ. म्हणजे भिंत ०.००८५ इंच. जाड राहिलेली मान बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) जोर देऊन कोंबली, तर ती गोळीला चिमटीत धरून बसते आणि दाब भलताच चढतो. तेव्हा इथं नेक टर्निंग, म्हणजे मान बाहेरून कातून पातळ करणं, हा हौसेचा मामला नाही, ते करावंच लागणार.

पीपीसी हे नाव पालमिसानो आणि पिंडेल या दोघांवरून पडलं. लू पालमिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७५ मध्ये .२२० रशियनच्या पुंगळीवरून हे काडतूस घडवलं. मीही त्याच पुंगळ्या घेतल्यात. म्हणजे आधी मान .२२ वरून ६ मिमीपर्यंत रुंद करायची, मग बाहेरून कातायची, मग या चेंबरमध्ये उडवून खांदा (मानेखालचा उतार) ३० अंशांचा करून घ्यायचा. कातण्याआधी उडवणं शक्यच नाही, कारण जाड मान आतच जाणार नाही.

६ जानेवारी

कोरलेल्या आकड्यावर आंधळा विश्वास नको म्हणून चेंबरचा साचा काढला. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. बॅरलमध्ये चिंधीचा बोळा ठासून ओतला. तो निवताना आधी थोडा आक्रसतो, मग हळूहळू फुगत जातो, आणि ओतल्यापासून साधारण तासाभरानं त्याचं माप चेंबरइतकं असतं. म्हणून घड्याळ लावून बसलो. तासानं मायक्रोमीटर लावला: ०.२६२१. कोरणाऱ्यानं खरं लिहिलंय.

साचा फेकला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून माप घ्यायचं नाही असं चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय. फुगलेला साचा मोठं चेंबर दाखवतो, आणि इथं ती चूक महागात पडेल.

९ जानेवारी

कातायचं अवजार निवडायच्या आधी मापायचं अवजार निवडावं लागतंय. हा क्रम माझ्या डोक्यात उलटा होता.

डिजिटल कॅलिपरनं २ पुंगळ्या मापल्या. एकाच जागी पाच वेळा मापून तीन वेगळे आकडे आले. दोष कॅलिपरचा नाही. त्याचा सपाट जबडा मानेच्या आतल्या गोलाईवर टेकतो तो दोन कडांवर, मधे पोकळी राहते, आणि भिंत आहे त्याहून जाड दिसते. शिवाय एक थाऊची चूक त्याला माफ असते. मला थाऊचा दहावा भाग बघायचाय.

मग ट्यूब मायक्रोमीटर आणला. याची आतली बाजू म्हणजे एक बारीक उभी दांडी, ती मानेत शिरते. दुसरा पर्याय गोल टोकाचा, म्हणजे बॉल मायक्रोमीटर. दोन्ही चालतात. दांडीवाल्यात पुंगळी तिरकी धरली गेली तर आकडा वाढतो, म्हणून थोडी डोलवून सगळ्यात कमी येईल तो आकडा खरा मानायचा. गोल टोकाचा एवढे नखरे करत नाही, पण अरुंद मानेत त्याचं टोक मावतंय का ते आधी बघावं लागतं. घेताना एकच अट ठेवली: वाचन ०.०००१ इंचापर्यंत, आणि रॅचेट (ठरावीक जोरानंतर घसरणारी मूठ) असलेला. बोटाच्या जोरावर मापलेलं पितळ मनासारखं माप देतं.

१२ जानेवारी

मान रुंद केलेल्या १० पुंगळ्या मापल्या. प्रत्येकीच्या बुडावर मार्करनं एक ठिपका, तिथून घड्याळासारख्या १२, ३, ६ आणि ९ अशा चार जागा. सरासरी भिंत १२ थाऊच्या थोडी वर. म्हणजे प्रत्येक बाजूनं साडेतीन थाऊच्या आसपास पितळ काढायचंय. पुंगळ्या चांगल्या आहेत. एकाच मानेत जाड आणि पातळ बाजूतला फरक बहुतेकींत एक थाऊच्या आत.

सातव्या पुंगळीत मात्र दीड निघाला. १२ वाजता १२.९, ६ वाजता ११.४. ही एकाच अंगाला जाड आहे, आणि अशा पुंगळीची जाडी बऱ्याचदा मानेपुरती नसते, पोटातही त्याच बाजूला असते. मान कातून मान सारखी होईल, पोट तसंच राहील. तिला लाल ठिपका देऊन चाचणीच्या डब्यात टाकली.

१७ जानेवारी

अवजारं बघायला बसलो. ढोबळ तीन घराणी.

पहिलं, हातात धरायचं. एक ठोकळा, त्यात मधोमध मॅन्ड्रेल (मानेच्या आत जाणारी दांडी), बाजूनं कटर. पुंगळी होल्डरमध्ये पकडून मॅन्ड्रेलवर सरकवत फिरवायची. के अँड एम, सिंक्लेअर, ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी, फॉर्स्टर ही यातली नेहमीची नावं. दुसरं, केस ट्रिमरवर बसणारं; फॉर्स्टरचा ट्रिमर असेल तर त्याला टर्निंगचा जोड मिळतो. तिसरं, छोटा लेथ: पुंगळी आणि कटर दोन्ही एका पाटावर, हँडल फिरवा.

लेथ दिसायला देखणा. पण मला ४० पुंगळ्या करायच्यात, ४०० नाहीत. शिवाय हातातल्या अवजारात एक गुण आहे जो जाहिरातीत लिहीत नाहीत: पुंगळी आणि ठोकळा दोन्ही हातांत सैल असल्यामुळे मान आपोआप मॅन्ड्रेलशी जुळवून घेते. घट्ट पाटावर दोन टोकं एका रेषेत नसली तर तो वाकडेपणा थेट मानेत उतरतो. चांगल्या लेथमध्ये एक बाजू मुद्दाम तरंगती ठेवलेली असते ती याचसाठी.

ट्रिमरचा जोड यादीतून गेला. माझा ट्रिमर जुना आहे, त्याच्या दांडीला हलकीशी चाल आहे. लांबी कापायला ते चालून जातं.

उरला हातातला. कटर पुढेमागे करायची रीत प्रत्येकाची वेगळी: कुठे नुसता स्क्रू आणि लॉक, कुठे आकडे कोरलेलं चाक, कुठे मॅन्ड्रेलच किंचित केंद्राबाहेर असतो आणि तो फिरवून अंतर बदलतं. नुसत्या स्क्रूवाल्यात काप लागतो चांगलाच, पण "अजून थाऊचा पाव भाग" हे स्क्रूला कळत नाही. लॉक कसतानाही आकडा हलतो. आकड्यांचं चाक हवंच.

कटरचा कोन ३० अंश, कारण पीपीसीचा खांदा तेवढा. हे विसरून .३०८ विंचेस्टरच्या २० अंशांचा कटर मागवणारे असतात. मागवायच्या यादीत मी मात्र ३० चाच टाकला होता. चुकून बरोबर झालं.

२४ जानेवारी

आज पितळ वाया घालवलं.

विकत घेण्याआधी हात बसावा म्हणून क्लबातल्या काकांकडून त्यांचं जुनं अवजार मागून आणलं. मॅन्ड्रेल त्यांचा, मान रुंद करायला एक्सपांडर माझ्या साइझिंग डायमधला (डाय म्हणजे उडालेली पुंगळी आवळून परत मापात आणणारा साचा). पुंगळी मॅन्ड्रेलवर अगदी लोण्यासारखी गेली. मला वाटलं, वा. फिरवायला लागलो तर कटर कधी लागतोय, कधी सुटतोय. मानेवर स्क्रूच्या आट्यांसारखी तिरकी रेघ उमटली. मापलं तर तोंडाशी ९.० थाऊ, खांद्याजवळ ९.६. दुसरी केली, तोंडाशी ८.८, खांद्याशी ९.५. तिसरी केलीच नाही.

संध्याकाळी काकांना फोन केला.

"काका, तुमच्या कटरला धार लावायची वेळ आलीय बहुतेक."

"धार राहू दे. मान आतून मापलीस का?"

मापली नव्हती.

"मग माझ्या कटरला कशाला नावं ठेवतोस? एक्सपांडर आणि मॅन्ड्रेल ही जोडी असते रे. एक एका घरचा आणि दुसरा दुसऱ्या घरचा, असा संसार चालत नाही."

२५ जानेवारी

सकाळी पिन गेजनं (नेमक्या व्यासाच्या दांड्यांनी) मापलं. मानेचा आतला व्यास ०.२४२५, काकांचा मॅन्ड्रेल ०.२४१०. दीड थाऊ ढिलाई. पुंगळी मॅन्ड्रेलवर बसत नव्हती, लटकत होती.

जाडी ठरते ती मॅन्ड्रेल आणि कटरची धार यांच्यातल्या फटीनं. मान त्या फटीत सरळ राहिली तरच ती जाडी मानेच्या पूर्ण लांबीत उतरते. ढिली मान तिरकी होते आणि टोकाला एक, मुळाशी एक असं माप देते. उलट फार घट्ट असली तर पितळ मॅन्ड्रेलला घासून चिकटतं, मान गरम होते, आणि कधी कधी पुंगळी अशी जाम बसते की ओढून काढताना होल्डर सुटतो, पुंगळी नाही.

मला हवी ती जोडी अशी: एक्सपांडर ०.२४२०, कातायचा मॅन्ड्रेल ०.२४१५. एक्सपांडर काढल्यावर पितळ थोडं मागे येतं, म्हणजे फट राहील दोन-तीन दशांश थाऊची. तेलाचा पापुद्रा मावेल एवढी. बोटांना किंचित ओढ जाणवली पाहिजे.

माझी चौकशी इतके दिवस ठोकळा कुठल्या कंपनीचा यावर फिरत होती. ठोकळे सगळेच बरे असतात.

२ फेब्रुवारी

मागवलं. आकड्यांच्या चाकाचा हातातला टर्नर, ३० अंशांचा कटर, कार्बाइडचा मॅन्ड्रेल, त्याच घरचा एक्सपांडर. कार्बाइड यासाठी की स्टीलच्या मॅन्ड्रेलला पितळ चिकटतं, कार्बाइडला फारसं नाही. तोटा इतकाच की फरशीवर पडला तर तुटतो. तेव्हा टेबलावर जुना टॉवेल.

आणि ठोकळे दोन घेतले. हे उधळपट्टी वाटेल. पण साडेतीन थाऊ एका कापात निघत नाहीत. मान तापते, काप खडबडीत येतो. दोन काप घ्यायचे तर प्रत्येक पुंगळीला चाक पुढे-मागे करा, किंवा ४० पुंगळ्यांचा पहिला काप उरकून मग चाक हलवा. दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण मधेच एखादी पुंगळी नव्यानं करावी लागली की सगळी मांडणी मोडते. म्हणून एक ठोकळा पहिल्या कापाचा, एक शेवटच्या. शेवटच्या ठोकळ्याचं लॉक एकदा कसलं की त्याला हात लावायचा नाही.

८ फेब्रुवारी

तयारी. सगळ्या मानांच्या आत बोटभर साइझिंग वॅक्स, मग एक्सपांडर एकदा आत, एकदा बाहेर. मान रुंद केल्यावर पुंगळीची लांबी थोडी कमी झाली, आणि सगळ्यांची सारखी कमी झाली नाही. म्हणून सगळ्या एका लांबीला कापल्या. हे टाळून चालत नाही: अवजाराचा थांबा पुंगळीच्या तोंडावर आहे, म्हणजे कटर खांद्यापर्यंत किती जाणार हे पुंगळीच्या लांबीवर ठरतं. लांब पुंगळीत खांद्याजवळ जाड पट्टी राहील, आखूडीत कटर खांद्यात घुसेल. मग तोंडाची बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) आतून-बाहेरून काढली.

पहिल्या ठोकळ्यानं सुरुवात लाल ठिपक्याच्या सातव्या पुंगळीवर. मॅन्ड्रेलवर ग्रीसचा थेंब. पितळेचा कीस केसासारखा बारीक, वळत वळत निघाला. पहिल्या अर्ध्या फेरीत मानेची एकच बाजू चकाकली, दुसरी मळकटच. जाड बाजू कुठली ते मायक्रोमीटरशिवाय डोळ्यांना दिसलं. मग चकाकी हळूहळू सरकत पूर्ण फेरी भरून आली. हे बघायला मिळालं तेवढ्यासाठी तरी ती वाकडी पुंगळी राखून ठेवली ते बरं केलं.

९ फेब्रुवारी

१८ पुंगळ्यांचा पहिला काप झाला. बाराव्या पुंगळीनंतर मॅन्ड्रेल हाताला गरम लागला आणि पुंगळ्या जड जायला लागल्या. ०.२४ इंचाचं स्टील ३० अंशांनी तापलं तर जवळजवळ एक दशांश थाऊ फुगतं. कार्बाइड त्याच्या निम्म्याहून कमी फुगतं, पण ठोकळा तर स्टीलचाच, आणि कटर-मॅन्ड्रेलमधलं अंतरही त्याबरोबर हलतं. तेव्हा पाच पुंगळ्या झाल्या की विश्रांती. दर पुंगळीनंतर मॅन्ड्रेल पुसायचा. किसाचा एक तुकडा अडकला तर आतून ओरखडा.

स्क्रूड्रायव्हर मोटर लावून बघितली. हळू गतीला काप हातापेक्षा एकसारखा येतो, वेग वाढवला की रेघा. मधली गती ठेवली. मनगटाचं दुखणं थांबलं.

१५ फेब्रुवारी

शेवटचा काप बसवताना दोन पुंगळ्या बळी. पहिली ८.२ ला गेली, कारण चाकाचा पुढचा-मागचा लूज लक्षात घेतला नाही. नेहमी एकाच दिशेनं फिरवून आकड्यावर यायचं. मागे आलो तर पूर्ण मागे जाऊन परत पुढे.

दुसरी खांद्यानं गेली. मान खांद्याला मिळते तिथे आतल्या बाजूनं जाड कडं राहतं, ज्याला सगळे डोनट म्हणतात. पीपीसीत हे जास्त, कारण .२२ ची मान ६ मिमीपर्यंत रुंद करताना जुन्या खांद्याचं थोडं पितळ मानेत येतं. त्यावरचा उपाय म्हणजे कटर खांद्यात किंचित उतरवायचा. मी "किंचित" फार मनावर घेतलं. खांद्याच्या सुरुवातीला नखाला लागेल अशी खाच पडली. तिथून मान तुटून चेंबरमध्ये राहू शकते. पकडीनं चेपून भंगारात टाकली, म्हणजे चुकून परत डब्यात यायला नको.

थांबा चौथ्या प्रयत्नाला जमला: खांद्यावर नुसती चकाकीची रेघ, खाच नाही. काही मॅन्ड्रेलच्या टोकालाच कापणारी धार असते, ती आतलं कडं त्याच फेरीत काढते. माझ्यात नाही. पुढच्या वेळी घेईन का? घेईन.

१६ फेब्रुवारी

उरलेल्या ३८ झाल्या. मापं ८.४ ते ८.६ च्या दरम्यान, एका मानेतला फरक दोन दशांश थाऊपेक्षा जास्त कुठेच नाही. सातवीचंही तेच. अगदी बारीक स्टील वूल एकदा फिरवून कापाच्या रेघा काढल्या, मग परत मापलं, कारण स्टील वूलही पितळ खातं.

२२ फेब्रुवारी

एक गोष्ट यादीत नव्हती. मान पातळ झाली की साइझिंग डायचं बुशिंगही (मान आवळणारं कडं) बदलतं. जाड मानेसाठीची डाय पातळ मानेला पुरेशी आवळत नाही आणि गोळी सैल बसते. भरलेली मान ०.२६०, गोळीवर २ थाऊ पकड हवी, म्हणून बुशिंग ०.२५८. ०.२५७ चंही मागवून ठेवलं.

प्रायमर आणि दारूशिवाय एक पुंगळी बनवली, फक्त गोळी बसवलेली. मान चार ठिकाणी मापली: ०.२५९९ ते ०.२६०१. चेंबरमध्ये घातली. बोल्ट बोटानं बंद झाला.

१ मार्च

दोन्ही ठोकळे तयार आहेत म्हटल्यावर .३०८ च्या पुंगळ्यांकडे नजर गेली. कटर आणि मॅन्ड्रेल बदलला की झालं. पण त्या रायफलचं चेंबर कारखान्याचं आहे, तिथे मान ०.३४४ च्या पुढेच असते. माझ्या भरलेल्या काडतुसाची मान ०.३३७. सात थाऊ फट आधीच आहे. कातून ती आणखी वाढणार. दर बाराला मान जास्त फुलणार, दर साइझिंगला जास्त आवळली जाणार, पितळ लवकर कडक होऊन चिरणार.

तरीही हलका काप घेऊन उंचवटे तेवढे काढायचे, मानेचा सत्तर-ऐंशी टक्के भाग चकाकला की थांबायचं, असं करणारे आहेत. पाच पुंगळ्यांवर करून बघितलं. गोळी बसवताना हाताला जाणवणारा जोर जरा सारखा झाला. कागदावर मला फरक दिसला नाही, आणि पाच पुंगळ्यांत दिसायलाही नको. त्या रायफलसाठी तो वेळ अ‍ॅनीलिंगला (मान तापवून पितळ मऊ करण्याला) देणार. काकांचं अवजार साफ करून परत केलं.

८ मार्च

पीपीसीच्या पहिल्या १० पुंगळ्या उडवल्या. खांदे नीट घडले. उडालेल्या मानेचा बाहेरचा व्यास ०.२६१ च्या जरा वर. मग ती जुनी परीक्षा: नवी गोळी घेऊन उडालेल्या, साइझ न केलेल्या पुंगळीच्या तोंडावर ठेवायची. मानेला पुरेशी जागा मिळाली असेल तर गोळी अडत नाही.

दहाही पुंगळ्या टेबलावर उभ्या केल्या. नऊमध्ये गोळी स्वतःच्या वजनानं उतरली. दहावीत अर्ध्यावर थांबली. आत बघितलं तर मुळाशी कड्याची बारीक कडा. ती बाजूला ठेवलीय, आणि टोकाला धार असलेला मॅन्ड्रेल यादीत चढवलाय.